मालक मयत झाल्यावर घर कोणाचं? विकण्याआधी आणि घेण्याआधी



या महिन्याचा धडा घराचा आहे. शेताचा नाही. सातबाऱ्याचं आपण बैठकीत पुष्कळदा बोललो, पण गावठाणातल्या घराचं कोणी विचारतच नाही. विचारायची वेळ येते तेव्हा बहुतेक वेळा पैसे देऊन झालेले असतात.

असंच एका गटात झालं. ताईचं नाव आणि गावाचं नाव लिहीत नाही, तिला तसा शब्द दिलाय. ही ताई दरवर्षी नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाते. यंदा कारखान्यावरून परत आल्यावर तिने गटाकडे ५० हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. शेजारचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर विकायला निघालं होतं. किंमत ठरली २ लाख १० हजार. चाळीस हजार इसार देऊन झाला होता, तोही बाँडवर. बाँडवर सही होती थोरल्या मुलाची. घराचा मालक, म्हणजे त्या मुलाचा बाप, तीन वर्षांपूर्वी वारला होता.

सचिव ताईंनी प्रोसिडिंग लिहायच्या आधी सहज विचारलं, "नमुना आठ कोणाच्या नावावर आहे?" कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीतून उतारा काढला, तर त्यावर अजून मयत बापाचंच नाव. मग आम्ही वहीच्या मागच्या पानावर त्या घराची माणसं लिहायला बसलो. मयताची बायको आहे, त्याच घराच्या ओसरीवर बसलेली असते. दोन मुलं. एक मुलगी लोह्याकडे दिलेली. आणि आणखी एक मुलगी होती, ती बापाच्या आधी दोन वर्षं बाळंतपणात गेली. तिची दोन लेकरं आहेत, बापाजवळ राहतात, एक सहावीत आणि एक दुसरीत.

आता सांगा, हे घर कोणाचं?

बैठकीत सगळ्या म्हणाल्या, "दोघा पोरांचं." एक मावशी म्हणाल्या, "म्हातारी जिवंत हाय तवर तिचं, मग पोरांचं." दोन्ही उत्तरं चूक आहेत, आणि ही चूक आपल्या भागात इतकी पक्की बसलीय की मलाही कॉलेजात शिकेपर्यंत तसंच वाटायचं.

कायदा असं सांगतो. माणूस ज्या क्षणी मरतो, त्याच क्षणी त्याची मिळकत त्याच्या वारसांची होते. नोंद व्हायची वाट बघत नाही, तेराव्याची वाट बघत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा आहे आणि तो हिंदूंसोबत बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. मृत्युपत्र केलेलं नसेल तर पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीचे पहिले वारस म्हणजे त्याची बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई. सगळ्यांना सारखा एकेक हिस्सा. एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर तिचा हिस्सा तिच्या लेकरांना मिळून जातो. त्या घराचा हिशोब केला तर पाच हिस्से झाले: बायको एक, मुलगे दोन, लोह्याची मुलगी एक, आणि वारलेल्या मुलीच्या दोन लेकरांना मिळून एक. ज्याने एकट्याने चाळीस हजार इसार घेतला, त्याचा घरात पाचातला एक हिस्सा.

मयताची आई जिवंत असेल तर हिस्से एकाने वाढतात. हे मुद्दाम सांगते. सासूचं नाव वारसात लिहायला आपण बायकाच विसरतो, आणि उद्या आपणही कोणाच्या सासू असणार आहोत.

घर वडिलोपार्जित असेल तर हिशोब थोडा वेगळा लागतो. त्यासाठी एका खऱ्या खटल्याची गोष्ट सांगते. सांगलीच्या कोर्टातला दावा आहे. खंडाप्पा मगदूम नावाचे गृहस्थ १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. मिळकतीत दोन घरं, एक जमीन, दोन दुकानं. १९६२ साली हिराबाईंनी आपला हिस्सा वेगळा करून मागितला. एका मुलाने हरकत घेतली. हिराबाईंचं म्हणणं असं: समजा मिळकतीचे २४ वाटे केले. नवरा मरायच्या आदल्या दिवशी वाटणी झाली असती तर नवरा, मी आणि दोन मुलगे, चौघांना सहा-सहा वाटे आले असते. म्हणजे सहा माझे. मग नवऱ्याच्या सहा वाट्यांचे वारस आम्ही सहा जण, त्यातला एक माझा. सहा आणि एक सात.

खालच्या कोर्टाने त्यांना एकच वाटा दिला. उच्च न्यायालयाने सात दिले. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे १९७८ साली सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने हिराबाईंचा हिशोब बरोबर ठरवला. चोवीसात सात. दावा लावल्यापासून निकालापर्यंत पंधरा वर्षांच्या वर गेली. देशभरातली कोर्टं अजूनही हा निकाल वाचतात. आपल्याच महाराष्ट्रातल्या एका विधवा बाईने लढवलेला तो खटला आहे, हे आपल्या गटांत कोणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्या हिशोबात तीन मुलींना किती आलं बघा. फक्त एकेक वाटा, आणि भावांना सात-सात. कारण तेव्हा मुलगी जन्माने हिस्सेदार नव्हती. ९ सप्टेंबर २००५ पासून ती झाली. आज तसंच कुटुंब असेल तर ४२ वाटे धरा. बाप, आई, दोन मुलगे, तीन मुली अशा सातांना सहा-सहा. बापाचे सहा उरलेल्या सहा जणांना एकेक. प्रत्येकाला सात. आईला सात, मुलाला सात, मुलीलाही सात. वहीत करून बघा, बरोबर जुळतं.

२००५ च्या आधी कायद्यात आणखी एक गोष्ट होती. राहत्या घरात मुलीला हिस्सा असला तरी भाऊ वाटून घेत नाहीत तोवर तिला वाटणी मागता येत नव्हती. ते कलम २००५ सालीच काढून टाकलं. आता राहत्या घराचीही वाटणी मुलगी मागू शकते. "बाप २००५ च्या आधीच गेला, मग तुझं काय?" असं पूर्वी ऐकवलं जायचं. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या तारखेला बाप जिवंत असणं गरजेचं नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्ट्री करून किंवा कोर्टातून वाटणी झालेली असेल तर मात्र ती मोडत नाही.

गावात फिरताना जे प्रश्न येतात, त्यांचीही उत्तरं इथेच देते. नवरा गेल्यावर दुसरं लग्न केलं म्हणून आधी मिळालेला हिस्सा जात नाही. नवऱ्याने टाकलेली बाई, जिचा घटस्फोट कोर्टातून झालेला नाही, ती त्याची बायकोच आहे आणि वारसही आहे. पहिली बायको असताना केलेली दुसरी वारस होत नाही, पण तिची लेकरं बापाच्या हिश्श्यात वारस होतात. मुस्लीम भगिनींसाठी कायदा वेगळा आहे: लेकरं असतील तर विधवेला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा, आणि मुलीला मुलाच्या निम्मा. निम्मा का होईना, आहे. "आमच्यात मुलीला नसतं" असं सांगणारे चूक सांगतात.

आता कागदाकडे येऊ.

नमुना आठ म्हणजे ग्रामपंचायतीची घरपट्टी आकारायची नोंदवही. त्यात मालकाचा रकाना वेगळा आणि भोगवटादाराचा वेगळा असतो. उतारा हातात आला की दोन्ही वाचा. पालम शहरात राहणाऱ्या तायांना हे काम नगरपंचायतीत करावं लागेल. ज्या गावात स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजलंय, तिथे मिळकत पत्रिकाही निघते. ती भूमी अभिलेख कार्यालयाची असते आणि तिच्यावरही वारस लावावे लागतात. एका ठिकाणी नाव लागलं म्हणून दुसरीकडे आपोआप लागत नाही. २०२५ साली जिवंत सातबारा मोहिमेत पुष्कळ जणींची नावं शेतावर लागली. त्यातल्या काही जणींना वाटतंय की घराचंही झालं. नाही झालं.

वारस नोंदीसाठी लागतो तो मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं शपथपत्र, नमुना आठचा उतारा आणि घरपट्टी भरल्याची पावती. ग्रामसेवकांकडे, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, अर्ज द्यायचा आणि पोहोच घ्यायची. तोंडी सांगून येऊ नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून टाका, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. वारसांत वाद असेल किंवा कार्यालयाने मागितलं तर दिवाणी कोर्टातून वारस प्रमाणपत्र काढावं लागतं. शेताची नोंद तलाठ्याकडे, तीन महिन्यांच्या आत कळवायची, तिची नोटीस पंधरा दिवसांची असते. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

शपथपत्रात कोणाचं नाव गाळू नका. लेकीची नावं गाळून "एवढेच वारस" म्हणून लिहून दिलं तर ते खोटं शपथपत्र होतं, आणि गुन्हा सही करणाऱ्याच्या अंगावर येतो. सही करणारी बहुतेक वेळा मयताची बायकोच असते, म्हणजे आपल्यातलीच कोणीतरी.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: नमुना आठ हा मालकीचा पुरावा नाही, कराचा आहे. नाव असलं म्हणजे सगळं झालं असं नाही, आणि नाव नसलं म्हणून हक्क गेला असंही नाही. तरी नाव लावाच. आपलं नाव तिथे असलं तर आपल्याला बाजूला ठेवून व्यवहार करणं अवघड जातं. यासाठी नवरा जायची वाट कशाला बघायची? ग्रामीण भागात घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावण्याचा शासन निर्णय २००३ सालचा आहे. "घर दोघांचं" म्हणून जुन्या गटांनी तेव्हा ते काम केलंय. काही गावांत पाट्याही लागल्या होत्या.

नोंदीनंतर पुढचा कागद येतो तो हक्कसोडपत्राचा. इथे मी जरा थांबते.

मी अकरावीत असताना एकदा आईसोबत तालुक्याला गेले होते. मामाने गाडी पाठवली होती. रजिस्ट्री ऑफिसात गर्दी होती, आईने सांगितलं तिथे सह्या केल्या, अंगठे दिले, फोटो काढला. मी तिची पिशवी आणि फोन धरून बाकावर बसले होते. मामाने नंतर आम्हाला रसवंतीत रस पाजला. तो कागद आजोबांच्या घराचा आणि शेताचा हक्कसोड होता, हे मला सहा वर्षांनी एम.एस.डब्ल्यू.ला शिकताना कळलं. घरी येऊन आईला विचारलं, "तुला माहीत होतं का?" ती म्हणाली, "वारसाची नोंद हाय म्हणला होता." मग थोड्या वेळाने म्हणाली, "माहीत असतं तरी दिली असती सही. माहेर तुटू द्यायचं नव्हतं." तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण तिला विचारलं गेलं नव्हतं, हेही खरं.

वारस नोंद आणि हक्कसोड हे दोन वेगळे कागद आहेत. पहिल्याने नाव लागतं, दुसऱ्याने नाव जातं. हक्कसोड रजिस्ट्री केल्याशिवाय होत नाही. तेव्हा नोंदीसाठी म्हणून कोणी रजिस्ट्री ऑफिसात नेत असेल तर बाहेरच विचारा, "नोंद तर ग्रामपंचायतीत होते, इथे कशाला?" ग्रामपंचायतीत साध्या बाँडवर किंवा संमतीपत्रावर "माझी हरकत नाही" असं लिहून दिलं, तर तेवढ्याने हक्क जात नाही. पण असे कागद पुढे भांडणात समोर आणून ठेवले जातात, म्हणून तेही वाचल्याशिवाय देऊ नका. वाचता येत नसेल तर गटातल्या वाचणारीला सोबत न्या. आणि हक्क सोडायचाच असेल तर कोणाच्या नावे सोडतोय ते बघा. भावाच्या नावे सोडायचा की आईच्या, हे तुम्ही ठरवू शकता. आईच्या नावे सोडला तर म्हातारपणी घर तिच्या हातात राहतं. हा पर्याय कोणी आपणहून सांगत नाही.

आता घेणाऱ्या बाजूने बघू, कारण गटाचं कर्ज घेऊन घर घेणाऱ्या ताया वाढल्यात.

मयताच्या नावावरचं घर घेताना खरेदीखतात लिहून देणार म्हणून सगळे वारस आले पाहिजेत. एकजण जरी राहिला तरी त्याचा हिस्सा विकला गेलेला नसतो. "बहिणीचं मी बघून घेतो" हे वाक्य ऐकलं की पिशवीची चेन लावा. एकट्या वारसाने त्याचा हिस्सा विकला तर तेवढाच तुम्हाला मिळतो, आणि अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला त्यांच्यासोबत राहायला ताबा मागता येत नाही. वाटणीचा दावा लावावा लागतो. शिवाय इतर वारसांना तो हिस्सा आधी आम्हाला द्या, असं म्हणण्याचाही हक्क आहे. म्हणजे पैसे गेले, घर नाही, आणि कोर्टाची तारीख पदरात.

बाँडवरची, नोटरीची खरेदी ही खरेदी नाही. शंभर रुपयांच्या वरच्या स्थावराची विक्री रजिस्ट्री केलेल्या खरेदीखतानेच होते. आपल्याकडे "आमच्या गल्लीत सगळ्यांचं बाँडवरच आहे" असं सांगतात. असेलही, कोणी वारस उभा राहिला नाही तोवर चालतं. मयताने जिवंतपणी कोणाला मुखत्यारपत्र दिलं होतं, त्याच्या जोरावर कोणी विकत असेल तरी सावध राहा. साधं मुखत्यारपत्र देणारा मेला की संपतं.

वारसांत लहान लेकरं असतील तर सगळ्यात जास्त जपा. अज्ञान मुलाच्या हिश्श्याचं स्थावर आई किंवा बाप कोर्टाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाहीत. विकलं तर ते मूल अठरा वर्षांचं झाल्यावर तीन वर्षांच्या आत ती विक्री रद्द करून मागू शकतं. आपल्या ताईच्या प्रकरणात दुसरीतलं लेकरू होतं. म्हणजे तिच्या घरावर तेरा-चौदा वर्षं टांगती तलवार राहिली असती.

पैसे प्रत्येक वारसाच्या खात्यात त्याच्या हिश्श्याप्रमाणे टाका, रोख एकाच्या हातात देऊ नका. विकणाऱ्या कुटुंबातल्या मावशींनाही हेच सांगते: तुमचा हिस्सा तुमच्या खात्यात मागा. घर विकलं की तुम्ही कुठे राहणार हे आधी ठरवा, सही नंतर. घर गायरानावर उभं आहे का, तेही बघा. गायरान सरकारी असतं, विकणाऱ्याच्या मालकीचं नसतं. सगळं नीट असेल तर खरेदी बाईच्या नावावर करा. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावे राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

त्या ताईचं पुढे काय झालं ते सांगते. गटाने त्या महिन्यात कर्ज मंजूर केलं नाही. ती दोन बैठकांना आली नाही. गटाने घर मोडलं, असं गल्लीत बोललं गेलं, मलाही ऐकावं लागलं. मग एके दिवशी आम्ही तिघी जणी त्या ओसरीवर जाऊन म्हातारीशेजारी बसलो. तिला इसार घेतल्याचंच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "विकायला ना नाही माझी. पण मला विचारा तरी." पुढच्या आठवड्यात लोह्याहून मुलगी आली. पाचही हिस्से वहीत लिहिले तेव्हा थोरला मुलगा उठून गेला, दोन दिवसांनी परत आला. आता नवी इसार पावती झालीय, तिच्यावर म्हातारीचा अंगठा, दोन मुलं आणि मुलगी यांच्या सह्या आहेत. वारस नोंदीचा अर्ज दिलाय. लेकरांच्या हिश्श्यासाठी त्यांच्या बापाने कोर्टात परवानगीचा अर्ज करायचाय, तो वकिलाकडे आहे. ताई अजून भाड्याच्याच खोलीत आहे. दिवाळीनंतर पुन्हा ऊसतोडीला जावं लागेल, तोवर होईल का, असं ती विचारते. मी तिला हो म्हणू शकत नाही.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून कोणी मागे फिरू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा परभणीला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने आपल्या राहत्या घराच्या नमुना आठचा उतारा आणि चालू वर्षाची घरपट्टीची पावती आणावी. ज्यांच्या उताऱ्यावर मयताचं नाव आहे त्यांनी मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्सही आणावी. अर्ज तिथेच बसून लिहू. कार्बन मी आणते, म्हणजे पोहोचेची प्रत लगेच तयार होईल.